संदेष्ट्याचे पाचारण कसे वाचावे आणि त्यातला विश्वास कोठे शोधावा

पवित्र शास्त्रातील (बायबलमधील) संदेष्ट्यांच्या पाचारणाचे, म्हणजे देवाने त्यांना आपल्या कामासाठी बोलावल्याचे, प्रसंग वाचताना आपले लक्ष बहुधा दृश्यावर खिळते: मोशेसमोरचे जळते झुडूप, यशयाच्या ओठांना लावलेला निखारा, यहेज्केलाला खायला दिलेला ग्रंथपट. ही दृश्ये भव्य आहेतच. परंतु विश्वासाचा अभ्यास करायचा असेल, तर पाचारण ही केवळ सुरुवात समजावी आणि त्या वेळी मिळालेले वचन पुढे कोठे कसाला लागले, याचा माग काढावा. त्यासाठी एकच संदेष्टा निवडून त्याच्यामागे शेवटपर्यंत जाणे बरे. माझ्या मते यिर्मया या कामी सर्वांत सोयीचा, कारण आपली घालमेल त्याने लपवून ठेवलेली नाही.

त्याच्या नावाच्या ग्रंथाचा पहिला अध्याय हाती घेतल्यावर आरंभीच्या तीन ओव्या गाळू नयेत. अनाथोथ येथील याजकांच्या घराण्यातला हा तरुण, यहूदाचा राजा योशीया याच्या कारकिर्दीच्या तेराव्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ६२७ च्या सुमारास, पाचारला गेला, आणि यरुशलेमेचा पाडाव होईपर्यंत त्याची सेवा चालली, हे तेथेच सांगितले आहे. त्यानंतर त्याची हरकत अधोरेखित करावी. आपण लहान आहोत, आपल्याला बोलता येत नाही, असे तो म्हणतो. परमेश्वराच्या उत्तरात काय आहे आणि काय नाही, हे वेगवेगळे लिहून काढावे. ‘मी तुझ्याबरोबर आहे’ हे आश्वासन आहे; लोक ऐकतील असे आश्वासन नाही, उलट ते तुझ्याशी लढतील असे स्पष्ट बजावले आहे. दहाव्या ओवीत कामाचे स्वरूप येते, आणि तेथे उपटणे व पाडणे आधी, बांधणे व लावणे नंतर.

मग विसाव्या अध्यायाकडे वळावे. पशहूर याजकाने यिर्मयाला मारून खोड्यात अडकवले आहे, आणि सुटका झाल्यावर तो परमेश्वराकडेच तक्रार करतो, आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. अशा ओव्या भक्तिपर वाचनात टाळण्याची सवय असते; ती सोडावी. तक्रार ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याचपाशी ती नेली जाते, यावरून तो संबंध तुटलेला नाही हे दिसते.

सर्वांत जास्त वेळ मात्र बत्तिसाव्या अध्यायाला द्यावा. बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला आहे, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि अशा वेळी चुलतभाऊ हनामेल त्याला अनाथोथचे शेत विकत घ्यायला सांगतो. यिर्मया सतरा शेकेल रुपे तराजूत तोलून देतो, खरेदीखतावर सही करतो, साक्षीदार घेतो, आणि मोहोरबंद व उघडी अशी दोन्ही खते मातीच्या भांड्यात ठेवायला आपला लेखक बारूख याला सांगतो, कारण या देशात घरे, शेते आणि द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील, असे त्याला सांगण्यात आले आहे. व्यवहार पुरा झाल्यानंतर तो प्रार्थनेत विचारतो, की नगर खास्द्यांच्या (बाबेलच्या लोकांच्या) हाती जात असताना तू मला शेत घ्यायला कसे सांगितलेस? येथे थोडे थांबावे. आज्ञापालन आधी झाले आहे आणि प्रश्न मागाहून आला आहे. म्हणून शंका मिटल्याशिवाय विश्वास ठेवता येत नाही, ही आपली समजूत या प्रसंगावर टिकत नाही.

एवढे झाल्यावर हबक्कूक संदेष्ट्याच्या ग्रंथातील २:४ (दुसरा अध्याय, चौथी ओवी) वाचावे. नीतिमान विश्वासाने जगेल ही ओवी नव्या करारात रोमकरांस, गलतीकरांस आणि इब्री लोकांस या तिन्ही पत्रांत उद्धृत झाली आहे, पण ती सुटी वाचू नये. आधीच्याच ओवीत दृष्टान्ताला विलंब लागला तरी वाट पाहा, असे सांगितले आहे. इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्यायही असाच शेवटपर्यंत वाचावा, कारण त्यात शमुवेल व संदेष्टे यांचा उल्लेख झाल्यावर, या सर्वांना वचनानुसार फलप्राप्ती झाली नाही, असेही नमूद आहे.

याच पद्धतीने पुढे मोशे घ्यावा. निर्गम ३:१२ मधील खूण पाहावी: लोकांना मिसरातून बाहेर आणल्यावर तुम्ही याच डोंगरावर देवाची सेवा कराल. ही खूण मोशेला निघण्यापूर्वी नव्हे, तर जाऊन परत आल्यावरच दिसणार होती. तेव्हा निर्गमाचा एकोणिसावा अध्याय उघडून, तो त्या डोंगराशी पोहोचेपर्यंत मध्ये काय काय घडले, याची टिपणे काढावीत.