काळपट आलेली प्रिंट उजळवताना

डार्करूममध्ये काढलेली ब्लॅक-अँड-व्हाइट फोटोची प्रिंट काळपट आली की आधी तिची कडा पाहा. इझेलच्या (कागद धरून ठेवणाऱ्या चौकटीच्या) पट्टीखाली झाकलेली कडाही करडी असेल तर चूक एक्स्पोजरची, म्हणजे कागदावर पाडलेल्या प्रकाशाची नाही. सेफलाइट (डार्करूममधला मंद दिवा) फार तीव्र आहे किंवा कागद जुना झाला आहे. कडा पांढरीशुभ्र आणि चित्र सगळंच गडद असेल, तर सरळ नवी प्रिंट काढा. एक्स्पोजर १६ सेकंदांचं ११ केलं की अर्धा स्टॉप उतरतो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). फायबर कागद (प्लास्टिकचा थर नसलेला) सुकल्यावर आणखी गडद होतो, म्हणून टेस्ट स्ट्रिप (वेगवेगळ्या वेळा तपासायची कागदाची पट्टी) वाळवूनच ठरवा.

पुण्यात एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चांगलंच तापतं. गरम डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणाऱ्या द्रावणात) प्रिंट भराभर काळी पडते, आणि घाईने बाहेर ओढली तर काळा रंग मळकट, डागाळ उतरतो. ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवून डेव्हलपर २० अंशांवर आणा आणि पूर्ण वेळ द्या.

ब्लीचचं, म्हणजे छटा फिकी करणाऱ्या द्रावणाचं, खरं काम एखाद्या भागापुरतं. वाड्याच्या ओसरीत बसलेल्या आजींचा चेहरा सागवानी खांबांच्या अंधारात बुडाला असेल, तर तो तेवढाच वर काढता येतो.

ब्लीचसाठी १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाईड पाण्यात विरघळवून १०० मिली करा, तपकिरी बाटलीत ठेवा. वापरताना त्यातलं ५ मिली २५० मिली पाण्यात. द्रावण फिकट पिवळं दिसलं पाहिजे. जास्त तीव्र केलं तर हात आवरायच्या आत उजळ भाग उडून जातात, आणि गेलेली छटा परत येत नाही. हातमोजे घाला. हे रसायन तीव्र आम्लात मिसळू नका, तापवूही नका: विषारी वायू सुटतो.

फिक्सरमध्ये (चित्र पक्कं करणाऱ्या द्रावणात) फिक्स करून धुतलेली प्रिंट ओली असताना उभ्या काचेवर चिकटवा. भोवतालचं पाणी टिपा, नाहीतर ब्लीच ओघळून रेघ उमटते. धातूची पट्टी नसलेल्या ब्रशने किंवा कापसाने लावा. गंजाचा कण लागला तरी निळा डाग पडतो. दहा सेकंदांत भरपूर पाण्याने धुवा, फिक्सरमध्ये बुडवा, मग पाहा. फिक्सरमध्ये भाग आणखी थोडा उजळतो, म्हणून हवं त्याच्या अलीकडेच थांबा. कमी वाटलं तर धुऊन पुन्हा लावा; तीन-चार हलके हात एका जोरदार हातापेक्षा कधीही चांगले.

शेवटी ताजा फिक्सर. मग आरसी कागद (प्लास्टिकचा थर असलेला) चार मिनिटं धुवा. फायबर कागद हायपो क्लिअरिंगनंतर (फिक्सर लवकर धुऊन निघावा म्हणून वापरायच्या द्रावणानंतर) वाहत्या पाण्यात अर्धा तास तरी. यात कसर राहिली तर उजळवलेला भाग काही दिवसांनी पिवळट पडतो.