शिखर परिषदेचा जाहीरनामा कसा वाचावा

आधी संघटनेची सनद काढा. सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेच्या सनदेतलं कलम १० दोनच वाक्यांचं आहे: सर्व पातळ्यांवरचे निर्णय एकमताने होतील, आणि द्विपक्षीय व वादग्रस्त प्रश्न चर्चेबाहेर राहतील. एखादा मोठा वाद जाहीरनाम्यात का दिसत नाही, याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं.

मग जाहीरनाम्याचा मसुदा कुठे अडला ते शोधा. सार्कमध्ये तो प्रोग्रॅमिंग कमिटीतल्या अधिकाऱ्यांकडून परराष्ट्र सचिवांच्या स्थायी समितीकडे, तिथून परराष्ट्रमंत्र्यांच्या मंत्रिपरिषदेकडे आणि शेवटी नेत्यांकडे जातो. अशा वाटाघाटींत ज्या शब्दांवर एकमत नसतं ते चौकटी कंसात ठेवतात, आणि प्रत्येक पायरीवर कंस कमी होणं अपेक्षित असतं. नेत्यांच्या हाती जेमतेम दोन दिवस, त्यातही भाषणं. तोवर कंस सुटला नाही तर वाक्य मवाळ होतं किंवा गळतं.

काठमांडूची १८वी परिषद (२६-२७ नोव्हेंबर २०१४) यासाठी नीट पाहावी. वीज, मोटार वाहतूक आणि रेल्वे असे तीन करार सहीसाठी होते. आपली अंतर्गत प्रक्रिया पूर्ण झालेली नाही, असं पाकिस्तानने सांगितलं आणि एकमताच्या नियमाने तिन्ही अडले. दुसऱ्या दिवशी नेते काठमांडूजवळच्या धुलीखेलला रिट्रीटसाठी, म्हणजे आपसातल्या अनौपचारिक भेटीसाठी गेले, आणि त्यानंतर वीज करारावर सह्या झाल्या. म्हणून कार्यक्रमपत्रिकेत रिट्रीटची वेळ जरूर बघा. अडलेलं काम सुटण्याची शेवटची जागा तीच.

उरलेल्या दोन करारांबद्दल जाहीरनाम्यात काय आलं? लक्षणीय प्रगतीचं ‘स्वागत’, आणि वाहतूकमंत्र्यांची बैठक तीन महिन्यांत. इथे क्रियापदांवर पेन्सिल फिरवा. ‘दखल घेतली’ म्हणजे कुणावर काहीच बंधन नाही. ‘स्वागत केलं’ यात सदिच्छा आहे, काम नाही. ‘सहमती झाली’ याला वजन आहे, पण कोण करणार आणि कधीपर्यंत, हे दोन्ही लिहिलेलं असेल तरच. आम्ही तर मुदत नसलेला परिच्छेद सरळ बाजूला ठेवतो.

मथळाही तपासा. ‘अध्यक्षांचं निवेदन’ असेल तर ते यजमानाच्या नावावर निघालेलं असतं. २०१८ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या पोर्ट मोर्सबीला एपेक या आशिया-पॅसिफिक आर्थिक सहकार्य गटाच्या नेत्यांचं संयुक्त जाहीरनाम्यावर एकमत झालं नाही, तेव्हा अध्यक्षांच्या निवेदनावरच भागवावं लागलं.

शेवटी मुदतीची तारीख वहीत लिहून ठेवा आणि त्या दिवशी पुन्हा बघा. अडलेलं काम कधीकधी दुसऱ्या दाराने पुढे सरकतं: बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ या चौघांनी मोटार वाहन करारावर १५ जून २०१५ रोजी थिंफूत सह्या केल्या, सार्कच्या बाहेर.