भूमिका कधी सोडायची, ते आधीच ठरवा
जिवंत इतिहास दाखवणाऱ्या संग्रहालयात जुन्या वेशात, जुन्या काळातली माणसं बनून वावरणाऱ्या कर्मचाऱ्यांना पहिल्याच दिवशी एक गोष्ट स्पष्ट सांगा: भूमिका कधी सोडायची. मूल चुलीजवळ गेलं, कुणाला भोवळ आली, एखादा पाहुणा अंगचटीला आला, तर त्याच क्षणी आजच्या माणसासारखं बोलायचं. परवानगी विचारत बसायचं नाही.

अमेरिकेतल्या प्लिमथ पटक्सेट संग्रहालयात उभारलेल्या जुन्या इंग्रज वसाहतीतले कर्मचारी १७व्या शतकातली माणसं बनून बोलतात. तिथल्याच वाम्पानोआग या मूळ अमेरिकी जमातीच्या वस्तीतले मूळ रहिवासी समाजाचे कर्मचारी मात्र पारंपरिक वेशात असूनही आजचे म्हणूनच बोलतात. म्हणजे एकाच आवारात दोन्ही पद्धती नांदू शकतात. गुलामगिरीसारखा विषय मांडणाऱ्यावर तर भूमिका कधीच लादू नये, असं मला ठाम वाटतं. एखाद्या दिवशी तो नको म्हणाला, तर कारण न विचारता दुसरं काम द्या.

संध्याकाळी दहा मिनिटं एकत्र बसा. पाहुण्यांच्या कोणत्या प्रश्नांवर अडखळायला झालं, ते वहीत लिहून घ्या आणि उत्तरं शोधायला कामाच्या तासांतलाच वेळ द्या. आणि हो, लोकरी कपड्यांत उन्हात उभं राहणाऱ्यांची पाळी लहान ठेवा.