डब्यातल्या सँडविचसाठी काबुली चण्यांचे सारण

कोशिंबीर ताटात वाढली की पाच-दहा मिनिटांत संपते, त्यामुळे तिला सुटलेले पाणी कोणालाही खुपत नाही. सँडविचमधले सारण मात्र सकाळी सातला भरले जाते आणि दुपारी एकला खाल्ले जाते. ठाण्याहून ऐरोली, तुर्भे किंवा वाशीला लोकलने जाणाऱ्या डब्यात हे सहा तास ब्रेडच्या दोन कापांच्या मध्ये जे काही ओले असेल ते ब्रेडमध्ये उतरत राहते. टोमॅटोच्या चकत्या घातलेले माझे पहिले सँडविच कार्यालयात उघडले तेव्हा ते चमच्याने खावे लागले होते. म्हणून येथे दिलेल्या कृतीत चवीइतकेच लक्ष पाण्याकडे दिले आहे. दही, लोणी, चीज, अंडे किंवा अंड्याचे मेयोनेझ यांपैकी काहीही तिच्यात लागत नाही.

सहा सँडविचांसाठी २०० ग्रॅम कोरडे काबुली चणे पुरतात. वाण्याकडे ते ‘छोले’ म्हणून मागितले तरी चालते. भिजवून शिजवल्यावर त्यांचे वजन साधारण सव्वादोन पट, म्हणजे ४५० ग्रॅमच्या आसपास होते. चणे शक्यतो ज्या दुकानात माल लवकर खपतो तेथून घ्यावेत, कारण उष्ण आणि दमट हवेत महिनोन्‌महिने पडून राहिलेले कडधान्य कितीही शिजवले तरी टणकच राहते आणि एका मुठीत चार-पाच गणंग हमखास निघतात. उसळीत गणंग बाजूला काढून ठेवता येतो. सँडविचमध्ये तो दाताखाली आल्यावरच कळतो.

चणे रात्री एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा मीठ विरघळवून त्यात भिजत घालावेत. मिठाने कडधान्य कडक होते असे घरोघरी सांगितले जाते, परंतु भिजवण्याच्या पाण्यातले मीठ नेमके उलटे काम करते. चण्याच्या सालीला बांधून ठेवणाऱ्या पेक्टिन या घटकाला कॅल्शियम आणि मॅग्नेशियमने घट्ट धरून ठेवलेले असते. मिठातील सोडियम त्यांची जागा काही प्रमाणात घेते आणि साल मऊ पडते. याच कारणाने बोअरवेलच्या जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलेल्या, पाण्यात कडधान्य लवकर शिजत नाही. घोडबंदर रस्त्यावरच्या ज्या सोसायट्यांना उन्हाळ्यात बोअरवेलच्या पाण्याचे टँकर मागवावे लागतात, तेथील स्वयंपाकघरांत एरवी तीन शिट्ट्यांत शिजणारे चणे मे महिन्यात पाच शिट्ट्या घेतात, याचा उलगडा यात आहे. अशा वेळी पिण्याचे गाळलेले पाणी वापरून पाहावे. मात्र साध्या गाळणीने पाण्याचा जडपणा जात नाही, त्यासाठी आरओचेच पाणी लागते. सोड्याची चिमूट टाकण्याचा मोह आवरावा, कारण चणे मऊ होतात खरे, पण त्यांना साबणासारखी चव येते आणि ‘ब’ गटातील थायमिन हे जीवनसत्त्वही काही प्रमाणात नष्ट होते. एप्रिल-मे महिन्यांत भिजवलेले भांडे ओट्यावर न ठेवता फ्रीजमध्ये ठेवावे, नाहीतर सकाळी पाण्यावर फेस आणि आंबूस वास येतो.

सकाळी ते पाणी फेकून, चणे धुऊन, ते बुडून वर दोन बोटे राहील इतक्या नव्या पाण्यात कुकरला लावावेत. तीन-चार शिट्ट्या झाल्यावर आच मंद करून आणखी दहा मिनिटे ठेवावे आणि वाफ आपोआप जिरू द्यावी. लिंबू, चिंच, टोमॅटो यांपैकी काहीही या टप्प्यावर घालू नये. उसळीत आमसूल शेवटी का घालतात हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे कारण वेगळे सांगायला नको, आंबट पदार्थाने साल कडक राहते. अंगठा आणि तर्जनी यांच्यात दाबल्यावर चणा विनासायास लोण्यासारखा चिरडला गेला पाहिजे. भाजीसाठी ‘शिजलेले’ मानतो त्यापेक्षा हे थोडे पुढचे शिजणे आहे. त्यानंतर चणे चाळणीत निथळत ठेवावेत आणि मग स्वच्छ पंचावर पसरून पूर्ण गार आणि वरून कोरडे होऊ द्यावेत. घाईत हा अर्धा तास गाळला जातो आणि पुढच्या सगळ्या तक्रारी तेथूनच सुरू होतात. निथळलेले दाटसर पाणी फेकू नये. त्याला अक्वाफाबा असे नाव २०१५ साली मिळाले. ते फेटल्यावर अंड्याच्या पांढऱ्या भागासारखे फुगते आणि तेलाबरोबर घुसळून त्याचे मेयोनेझही करता येते. मला स्वतःला डब्यासाठी ते मेयोनेझ पसंत नाही, कारण उकाड्यात ते सैल पडते. तेच पाणी आमटीत घातले तर आमटीला दाटपणा येतो.

मेयोनेझची जागा येथे तिळाने घ्यावी. चार मोठे चमचे पांढरे तीळ मंद आचेवर फक्त तडतडू लागेपर्यंत भाजावेत. रंग बदलला की कडवटपणा आलाच. गार झाल्यावर एक मोठा चमचा तेल घालून मिक्सरच्या लहान भांड्यात त्यांचे तेल सुटेपर्यंत वाटावे. आता त्यात एका लिंबाचा रस घातला की मिश्रण सैल होण्याऐवजी एकदम घट्ट आणि खरखरीत होते. येथे घाबरून तेल ओतू नये. थोडे थोडे पाणी, एकूण दोन-तीन मोठे चमचे, घालत फिरवले की तेच मिश्रण पांढरट, मऊ आणि चमच्यावरून जाडसर पडणारे होते. अरब स्वयंपाकातील ताहिनीचे हे घरगुती रूप आहे. त्यात अर्धा छोटा चमचा मोहरीची पूड, मिरपूड आणि पाव छोटा चमचा काळे मीठ घालावे. काळ्या मिठातील गंधकाच्या वासामुळे उकडलेल्या अंड्याची आठवण होते, त्यामुळे ज्यांनी अंडे नुकतेच सोडले आहे त्यांना ते विशेष आवडते आणि ज्यांना तो वास मुळातच नकोसा वाटतो त्यांनी साधे मीठ वापरावे.

चणे पावभाजीच्या मॅशरने चेचावेत, मिक्सरमध्ये घालू नयेत; मिक्सरमधून हुमूस, म्हणजे चण्यांचे मऊ वाटण, बाहेर येईल आणि ते दोन्ही बाजूंनी निसटेल. साधारण दोन तृतीयांश चणे पूर्ण चेचलेले आणि उरलेले अर्धवट फुटलेले असावेत, म्हणजे चेचलेला भाग बांधून ठेवतो आणि अखंड तुकडे दाताला लागतात. भाज्यांच्या बाबतीत नियम कडक आहे. एक लहान कांदा अगदी बारीक चिरून दहा मिनिटे थंड पाण्यात ठेवावा, त्याने उग्रपणा निघतो. नंतर पंचात घट्ट पिळावा. काकडीच्या बिया काढून, बारीक चिरून, मीठ लावून पंधरा मिनिटांनी तीही पिळावी. किती पाणी निघते ते एकदा वाटीत धरून पाहिले की पुन्हा कोणी आठवण करून द्यावी लागत नाही. गाजराचा कीस आणि बारीक चिरलेला कोबी मात्र तसेच चालतात. टोमॅटो घालूच नये. उन्हाळ्यात लिंबाऐवजी कैरीचा कीस घातल्यास सारण अधिक रुचकर लागते, असे माझे मत आहे. तोही आधी पिळून घ्यावा आणि निघालेला रस तिळाच्या वाटणात पाण्याऐवजी वापरावा. शेवटी कोथिंबीर आणि एखादी हिरवी मिरची. सर्व एकत्र करून चव पाहावी आणि मीठ किंचित चढेच ठेवावे, कारण ब्रेडमध्ये ते फिके पडते.

इतर कडधान्यांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. चवळी लवकर शिजते आणि या कृतीत चांगली लागते. राजमा वापरायचा असल्यास तो भिजवून, पाणी फेकून, उकळत्या पाण्यात किमान दहा मिनिटे खळखळून शिजलाच पाहिजे. कच्च्या किंवा अर्धकच्च्या राजम्यातील लेक्टिनने उलट्या आणि जुलाब होतात. कुकरमध्ये व्यवस्थित शिजलेल्या राजम्याला हा धोका नाही. ठाण्यातील कितीतरी घरांत ज्याच्या बिरड्याचा अभिमान बाळगला जातो तो कडवा वाल मी एकदा हौसेने वापरून पाहिला. मोड आणून, सोलून, इतकी मेहनत घेतलेल्या डाळिंब्या चेचून ब्रेडमध्ये कोंबणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

ब्रेड विकत घेताना वेष्टनावरील घटक वाचावेत, कारण अनेक ब्रेडमध्ये दुधाची भुकटी असते. लादीपाव मुख्यतः मैदा, पाणी, यीस्ट आणि मीठ यांचा होतो, तरी वरून दूध किंवा लोणी लावले आहे का हे बेकरीत विचारावे. कापांच्या आतल्या बाजूला शेंगदाण्याचे लोणी पातळ लावल्यास ते ओलावा अडवते. नेहमीची पातळ हिरवी चटणी येथे उपयोगाची नाही. ती हवीच असेल तर सुके खोबरे आणि भाजलेले डाळे घालून घट्ट वाटावी. सारण एका सँडविचला १०० ग्रॅमच्या आसपास पुरते आणि त्याच्या वर-खाली कोबीचे किंवा लेट्यूसचे कोरडे पान ठेवल्यास आणखी एक आड मिळते. ब्रेड भाजून घेतला असेल तर तो पूर्ण गार झाल्यावरच भरावा, नाहीतर बंद डब्यात त्याचीच वाफ त्याला भिजवते.

शिजवलेले ओलसर कडधान्य बाहेर टिकत नाही, ही गोष्ट डबा नेणाऱ्यांनी गांभीर्याने घ्यावी. साधारण तापमानात दोन तास आणि ३२ अंश सेल्सिअसच्या वर पारा असताना एक तास, यापेक्षा जास्त काळ ते फ्रीजबाहेर राहू नये. म्हणून सारण रात्रीच करून फ्रीजमध्ये गार ठेवावे, सकाळी गार सारणच भरावे, गोठवलेली बर्फाची थैली डब्याला लावून न्यावी आणि पोहोचताच डबा तेथील फ्रीजमध्ये ठेवावा. कार्यालयात फ्रीज नसेल आणि बर्फाची थैलीही नेणे शक्य नसेल, तर त्या दिवशी हे सँडविच नेऊ नये. सुक्या चटणीचे न्यावे.

घरी झाकणाच्या डब्यात हे सारण फ्रीजमध्ये तीन दिवस चांगले राहते. चणे एकदम जास्त शिजवून, कोरडे करून, फ्रीजरमध्ये ठेवले तर आठवड्यातून एकदाच कुकर लावावा लागतो. तिसऱ्या दिवशी उरलेल्या सारणात दोन मोठे चमचे बेसन मिसळावे आणि त्याच्या चपट्या टिक्क्या तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खमंग भाजाव्यात.