बाल्कनीला काचेचं रेलिंग : खरी परीक्षा खालच्या चॅनलची

काचेच्या रेलिंगचं कोटेशन आलं की चर्चा काचेच्या जाडीवरच होते. ढिलं पडतं ते बहुतेकदा खालचं यू-चॅनल, म्हणजे स्लॅबला पक्की केलेली धातूची पन्हळ, जिच्यात काच उभी राहते.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार बाल्कनी-गच्चीच्या कठड्याची उंची तयार फरशीपासून किमान १ मीटर हवी. स्थानिक नियमावली जास्त मागत असेल तर ती पाळा. १ मीटर पुरत असेल तरी १.१ मीटर धरूनच काच कापायला द्या. पुढे जुन्या लादीवर नवी लादी बसली की २५-३० मिमी सहज जातात. खाली किंवा दोन काचांमध्ये १०० मिमीहून मोठी फट नको.

आडव्या धक्क्याचा हिशोब आयएस ८७५ भाग २ या इमारतींवरच्या भारांच्या भारतीय मानकात आहे : घरगुती बाल्कनीला दर मीटरला ०.३५ किलोन्यूटन (१ किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०० किलोचा भार), इतरत्र ०.७५, गर्दीच्या जागी २.२५. पार्टीत चार माणसं टेकून उभी राहतात, म्हणून घरालाही ०.७५ धरलेलं बरं.

आता हाच धक्का चॅनलपर्यंत आणा. धक्का गुणिले उंची : ०.७५ × १.१ = ०.८२५ किलोन्यूटन-मीटर. चॅनल १०० मिमी रुंद आणि अँकर (चॅनल काँक्रीटला धरणारा बोल्ट) मधोमध असेल तर तरफ ५० मिमीचीच. म्हणजे दर मीटरला साडेसोळा किलोन्यूटन ओढ. ३०० मिमीवर एक अँकर धरला तरी प्रत्येकावर सुमारे ५०० किलो येतात, तेही सुरक्षेचा गुणक न लावता. फॅब्रिकेटर मात्र लादीवरूनच भोक पाडतो, आणि अँकरची निम्मी लांबी लादीखालच्या मसाल्यात जाते. तो मसाला काहीच धरत नाही. चॅनलच्या पट्ट्यातली लादी-मसाला काढून आरसीसी उघडा करा, अँकरची खोली तिथून मोजा. केमिकल अँकर, म्हणजे रेझिनने चिकटवलेला, असेल तर भोक ब्रश आणि ब्लोअरने साफ झालंच पाहिजे; धूळ राहिली की रेझिन चिकटत नाही. १२५ मिमीच्या स्लॅबच्या कडेला बाजूने अँकर मारायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय ड्रिल लावू नका. फोडलेल्या पट्ट्याचं वॉटरप्रूफिंग चॅनल बसवण्याआधी पुन्हा करा.

काच लॅमिनेटेडच घ्या : ८ + १.५२ + ८ मिमी, म्हणजे दोन काचा आणि मध्ये त्यांना चिकटवणारी पीव्हीबी ही प्लास्टिकची फिल्म. दोन्ही थर टफन केलेले, म्हणजे तापवून झटकन थंड करून कणखर केलेले. एकेरी १२ मिमी टफन स्वस्त पडते, पण फुटली की कठडाच नाहीसा होतो. निकेल सल्फाइडच्या कणामुळे टफन काच धक्क्याशिवायही फुटू शकते. हीट सोक चाचणीत काच आधीच भट्टीत तापवून सदोष असेल तर तिथेच फुटू देतात; तिने हा धोका बराच कमी होतो. लॅमिनेटेडचे दोन्ही थर फुटले तर साधी पीव्हीबी फिल्म काच उभी धरत नाही, म्हणून वर भिंतीपासून भिंतीपर्यंत सलग हँडरेल हवाच. भोकं, खाचा टफन करण्याआधीच. नंतर ड्रिल लावलं की चुरा.

चॅनलमध्ये काच धातूला कुठेही टेकता कामा नये. खाली रबरी ठोकळे, दोन्ही बाजूंना गॅस्केट, म्हणजे रबरी पट्ट्या. पाणी जायला तळाला भोकं ठेवा. पावसाळाभर पाणी साचलं तर फिल्म कडेने पांढरी पडून सुटते. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉनही फिल्म खराब करतं, न्यूट्रल मागा. मुंबई-कोकण-गोव्यात स्टीलचं सामान ३१६ ग्रेडचं घ्या. ३०४ वर तांबूस डाग लवकर येतात.

काच उतरवून घेतानाच कोपऱ्यातला आयएसआयचा शिक्का पाहा. शिक्का नसेल तर काच गाडीतूनच परत पाठवा.