भर पावसातही चाप अडकू नये म्हणून मेणमाती

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात बांधावर उंदराचा चाप लावून बघा. संध्याकाळी नीट बसवलेला चाप सकाळी चिखलात रुतलेला असतो. उंदीर अंगावरून गेला तरी खालची माती घट्ट झाल्यानं कळ दबतच नाही. थंड देशांत ओली माती गोठून दगड होते, म्हणून तिथले सापळेवाले मातीला मेण लावतात. मेणाचा पातळ थर बसलेला कण पाणी धरत नाही, आणि पाणीच नाही तर गोठणार काय? आपल्याकडं गोठायची भीती नाही, पण चिखलावरही इलाज तोच.

मेणमाती करायचं काम एप्रिल-मे महिन्यांत उरकायचं. मिरग लागल्यावर कोरडी माती शोधत बसाल तर हसं होईल.

खानापूरकडची तांबडी, भुरभुरीत माती उत्तम. अथणीकडची काळी चिकण माती नको, तिचे गोळेच होतात. माती बारीक चाळणीनं चाळा आणि ताडपत्रीवर पातळ पसरून दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा. मुठीत दाबून सोडली की ती सुटी पडली पाहिजे. घाई इथंच नडते, कारण ओल राहिलेल्या कणावर मेण चढत नाही.

१५ ते २० किलो मातीला १ किलो पॅराफिन मेण पुरतं. मेणबत्त्या करणाऱ्यांकडं मिळतं ते साधं मेण घ्या, वासाचं किंवा रंगीत नको. ते किसून ठेवा. लोखंडी घमेल्यात थोडी थोडी माती चुलीवर तापवा. हात लावता येणार नाही इतकी तापली की घमेलं खाली उतरवा, मगच कीस टाका आणि फावड्यानं भराभर हलवा. साधारण ६० अंशांच्या आसपास मेण वितळतं, त्यामुळं मातीतली ऊब पुरते. जाळावर मेण टाकू नका, भडका उडतो. गार होईपर्यंत हलवत राहिलात तर ढेकळं होत नाहीत.

आता चिमूटभर मातीवर पाण्याचा थेंब सोडा. अळवाच्या पानावरल्यासारखा घरंगळला की जमलं. जिरला तर माती पुन्हा तापवून थोडं मेण वाढवा.

भात पोटरीत यायच्या सुमारास ताज्या उकरीच्या बिळाजवळ वीतभर खड्डा करा. तळाला मेणमाती, त्यावर चाप, कळीवर अगदी पातळ थर. भाजलेला शेंगदाणा किंवा सुकट लावा. वर जुनं कौल दोन दगडांवर टेकवलं की पाखरं वाचतात. मेलेला उंदीर उघड्या हातानं उचलू नका, त्याच्या मुताची लागण माणसाला होते.

आणि हे फक्त उंदीर-घुशींसाठी. ससा, साळिंदर, मुंगूस, रानडुक्कर यांना परवानगीशिवाय सापळा लावणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे.

हंगाम सरला की मेणमाती भरून आणा, पुढच्या साली चालते. शेतात टाकली तर तेवढ्या जागी पाणी मुरणार नाही.