किरायेदार गेला की आधी एक रात्र रिकाम्या घरात झोपा, पेंटरला नंतर फोन करा

आमच्याकडे इंदूरला सुदामा नगरात वरचा मजला किरायाने देतो, दोन खोल्या, किचन, संडास-बाथरूम वेगळं, आणि बरीच वर्षं माझी पद्धत अशी होती की जुने लोक सकाळी गेले की दुपारी पेंटर जिन्यात उभा, कारण रिकामं घर म्हणजे रोजचं नुकसान ना, एक-एक दिवस मोजत बसायचं. मग एका वर्षी काय झालं, मस्त क्रीम कलर मारला, नवीन नवरा-बायको राहायला आले आणि आठवड्याच्या आत बेडरूमच्या भिंतीवर ताटाएवढा पिवळा डाग. पलीकडे बाथरूम, भिंतीच्या आतला पाइप पाझरत होता. भिंत फोडली, पाइप बदलला, परत पुट्टी परत कलर, आणि ते बिचारे तोवर सामान घेऊन हॉलमध्ये. तेव्हापासून नियम केलाय, आधी पाणी, मग लाइट, मग भिंती, सगळ्यात शेवटी फरशी. आणि या सगळ्याच्या आधी एक रात्र तिथे झोपायचं. बायको हसते, हसू दे.

पण खरं काम जुने लोक असतानाच सुरू होतं. त्यांचा टेंपो भरायच्या आत, दिवसाउजेडी, त्यांच्यासोबत घर फिरा. प्रत्येक नळ सोडून बघा, पंखे पाचवर, गीझर चालू, खिडक्यांच्या कड्या लावून-काढून, आणि हे सगळं मोबाइलवर व्हिडिओ घेत घेत. डिपॉझिटमधून काय कापायचं याबद्दल माझं मत सरळ आहे, दोन-तीन वर्षांत कलर फिका झाला, चार खिळ्यांची भोकं पडली ही घिसाई, तिचे पैसे कापणं म्हणजे हलकटपणा. बेसिनला तडा, दरवाजाला भोक, हे कापा, पण बिल दाखवून. मीटरचा फोटो दोघांसमोर काढा आणि बिलावरचा आयव्हीआरएस नंबर, म्हणजे लाइटच्या कनेक्शनचा ग्राहक नंबर, जवळ ठेवा, कारण शेवटच्या महिन्याचं लाइटबिल लोक गेल्यावर येतं. मी एकदा चहा पाजून पूर्ण डिपॉझिट हातात ठेवलं होतं, मागून कूलरच्या सीझनचं बिल आलं आणि साहेबांचा फोन लागेना. आता तेवढा अंदाज राखून ठेवतो आणि बिल आलं की बाकीचे त्याच दिवशी पाठवतो.

किल्ल्या मोजून घ्या पण त्यांच्या भरवशावर राहू नका, डुप्लिकेट कोणाकोणाकडे गेलीय ते त्यांनाही आठवत नसतं. अख्खं कुलूप बदलायची गरज नाही, बऱ्याच दरवाजांत आतला सिलिंडर तेवढा बदलता येतो, जुना खिशात टाकून सियागंजच्या बाजारात जा, हार्डवेअरवाल्याला दाखवा, मापाचा देतो.

आता ती रात्र. चटई, टॉर्च, मोबाइल चार्जर, शाईची बाटली, एक प्लास्टिकची पन्नी आणि चिकटपट्टी, एवढंच सामान. रात्री रहदारी थांबली की घर बोलायला लागतं. कुठला नळ टपकतोय, कुठला पंखा टक-टक करतोय, मोटर बंद असताना पाइपात सूं-सूं का येतंय. फ्लशच्या टाकीत थोडी शाई टाका आणि फ्लश न करता वीस मिनिटं थांबा, खाली भांड्यात रंग उतरला म्हणजे आतला वॉल्व गळतोय. रबर बदललं की झालं, पण हे दिवसा कधीच लक्षात येत नाही आणि टाकी रिकामी होत राहते. जिथे सीलन वाटते तिथे पन्नी चारही बाजूंनी चिकटवून ठेवा, एक दिवस तशीच राहू द्या. आतल्या बाजूला, भिंतीकडे, थेंब आले तर ओल भिंतीतूनच येतेय, आणि बाहेरच्या बाजूला आले तर ती खोलीतल्या हवेतली दमट आहे, खिडकी उघडी ठेवा, प्लंबरला पैसे देऊ नका. चार्जर प्रत्येक सॉकेटमध्ये लावून बघा. मोबाइलचं नेटवर्क कुठल्या कोपऱ्यात जातं तेही बघा, हल्ली घर बघायला येणारे पहिला प्रश्न तोच विचारतात.

बंद घरात गटारीचा वास येतो त्याचं लोकांना फार टेंशन येतं, पाइप फुटला की काय म्हणून. बहुतेक वेळा काही फुटलेलं नसतं. जाळीखाली जो वाकडा ट्रॅप असतो त्यात पाणी साचून राहतं आणि तेच वास अडवतं, घर बंद राहिलं, त्यातून मे महिना, की ते पाणी सुकतं आणि वास, झुरळं सगळं वर. प्रत्येक जाळीत अर्धी बादली पाणी ओता, घर अजून पंधरा दिवस बंद राहणार असेल तर वरून चमचाभर खायचं तेल, म्हणजे पाणी लवकर उडत नाही. कूलरची टाकी मात्र पूर्ण कोरडी करून पुसून ठेवा, डेंग्यूचे मच्छर साफ साचलेल्या पाण्यातच वाढतात.

सकाळी प्लंबर. त्याला यादी लिहून द्या, तोंडी सांगितलं की अर्धं विसरतो आणि परत यायचे वेगळे पैसे घेतो. छतावरची टंकी धुवायची तर नर्मदेच्या नळाचा दिवस बघून, आमच्याकडे दिवसाआड पाणी येतं, टंकी रिकामी करून बसलात आणि नळाचा दिवस उद्याचा निघाला तर पुट्टी कालवायलाही पाणी नाही. बोरिंगचं पाणी असेल तर नळाच्या जाळ्यांवर पांढरा थर जमलेला असतो, जाळी काढून रात्रभर व्हिनेगर नाहीतर लिंबूसत्वाच्या पाण्यात टाका, सुटतो. तोच थर गीझरच्या आत पण असतो, पाणी गरम व्हायला वेळ लागतो आणि बिल वाढतं, त्यामुळे मी किरायेदार बदलताना दर वेळी गीझर उघडून साफ करून घेतो.

लाइटच्या बाबतीत कंजूषी नको. 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर साधारण पावणेनऊ अँपिअर ओढतो, तो 6 अँपिअरच्या साध्या सॉकेटवर जुगाड करून लावलेला दिसला तर आधी ते काढा. पोरं राहून गेली असतील तर हमखास दिसेल. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइट तोडणारा स्विच, असेल तर त्यावरचं टेस्टचं बटण दाबा, खटकन पडला पाहिजे, नाही पडला तर नवीन बसवा, आणि नसेलच तर 30 मिलिअँपिअरचा लावून घ्या, शॉक लागला तर तोच वाचवतो. शेगडीची नारंगी नळी तुमची असेल तर तिच्यावर छापलेली तारीख बघा, पाच वर्षं झाली की बदलायची.

आता कुठे पेंटर. इथे एक इंदुरी गोष्ट सांगतो, बाहेरची भिंत आणि जिना रंगपंचमीच्या आधी कधीच रंगवू नका. बाकी गावं होळी-धुळवडीला मोकळी होतात, आपल्याकडे खरा धुमाकूळ पंचमीला, गेर, म्हणजे रंग उडवत निघणारी मिरवणूक, राजवाड्यावर असते पण रंग कॉलनीच्या जिन्यापर्यंत येतो. आणि जूनच्या मध्यापासून पाऊस, म्हणजे गच्चीची दरज भरणं आणि कलर यांना एप्रिल-मे हाच मोकळा वेळ. पेंटर म्हणेल, "भिया, एक हाथ में हो जाएगा." नाही होत. पुट्टी पूर्ण सुकू द्या, घासा, प्राइमर, मग दोन हात, आणि दोन हातांत डब्यावर जितके तास लिहिलेत तितके जाऊ द्या. नवीन प्लास्टर केलं असेल तर त्याच आठवड्यात कलर मारायचा हट्ट सोडा, पापुद्रे निघतात. कलरचा शेड नंबर डब्यावरून फोटो काढून ठेवा आणि अर्धा लिटर झाकण घट्ट लावून बाजूला, पुढच्या वेळी टचअपमध्ये भागतं. आईला दर वेळी गुलाबी हवा असतो, मी दर वेळी ऑफव्हाइट मारतो, तो वाद वेगळा.

फरशी शेवटी, कारण पेंटर कितीही पेपर अंथरो, थेंब पडतातच. जुन्या घरांत कोटा असतो. कोटा म्हणजे चुनखडीचा दगड, त्याच्यावर ॲसिड टाकलं की तो जळतो, फेस येतो तो मळाचा नसतो, दगडाचाच असतो, पॉलिश कायमची जाते. आमच्याकडे बाईनं प्रेमानं ॲसिडनं घासून दिलेला चौकोन अजून पांढरट आहे, मी त्यावर फ्रिज ठेवायला सांगतो. साबणाचं पाणी आणि ब्रश पुरे. संडासात ॲसिड वापरलंत तर त्याच्यासोबत ब्लीचिंग पावडर अजिबात नको, दोन्ही मिळून क्लोरिन गॅस निघतो आणि बंद बाथरूममध्ये जिवावर बेततं.

मलबा, जुनी सीट, कलरचे डबे हे कोपऱ्यावर टाकायचा विचारही करू नका, 2017 पासून हे शहर स्वच्छतेत पहिलं आलंय आणि निगमवाले चालान करतात, शेजारचे काका त्याआधीच फोटो काढतात. घंटागाडीत रोजचा कचरा वेगवेगळा करून द्या, तोडफोडीच्या मलब्याची गाडी वेगळी ठरवा.

कागदाचं थोडक्यात. एक वर्षाच्या वरचा करार रजिस्टर करावा लागतो म्हणून सगळे अकरा महिन्यांचा करतात, तसा करा, पण त्यात पंखे, गीझर, ट्यूबलाइट, किल्ल्या यांची मोजून यादी जोडा. किरायेदाराची माहिती पोलीस थाण्यात द्या, ओळखीचा असला तरी, इथे त्याचे आदेश निघत असतात आणि न देणाऱ्या मकानमालकावर केस होते. आणि कलरची बिलं टॅक्ससाठी जपून ठेवणाऱ्यांना सांगतो, घरभाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, खर्च कमी करा नाहीतर जास्त, त्यामुळे ती बिलं फक्त पेंटरशी भांडायला कामाची.

चावी द्यायच्या आदल्या दिवशी परत एकदा सगळ्या जाळ्यांत पाणी, सगळ्या खिडक्या दोन तास उघड्या, आणि मीटरचा नवीन फोटो. नवीन माणसासोबत तोच फेरा, नळ सोडून, पंखे पाचवर, व्हिडिओ घेत. गेल्या वेळच्या मुलीनं मला विचारलं, काका तुम्ही रात्री झोपला होतात का इथे? जुन्या लोकांनी सांगितलं होतं तिला. म्हटलं हो, मागच्या खोलीचा पंखा तीनवर आवाज करतो, चारवर नाही करत.